लाल म्हणजे मोकळं

३ मार्च, सोमवार

डोकं तापलंय. पहिल्यापासून लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

भावजींनी आज जेवताना जाहीर केलं. भाकरी मोडता मोडता. "जत्रा झाली की मी टेबल सोडणार. मग बघू शुभा बसती का रोहन." आणि पुढचा घास. माझा घास तिथंच राहिला.

टेबल म्हणजे उद्यमनगरातल्या आमच्या शेडमधलं खिडकीजवळचं डिझाइनचं टेबल. शेतातल्या पाण्याच्या मोटारींच्या स्टार्टर-पॅनेलवरचे इंडिकेटर दिवे करतो आम्ही. भावजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, त्या टेबलावर बसतात. मी शेजारच्या बिलिंगच्या खुर्चीवर. निम्मी सर्किटं या खुर्चीवरून निघतात, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. रोहन भावजींचा मुलगा. पुण्याहून बीई होऊन आलाय. पोरगा चांगला आहे, हाच तर वैताग. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

आणि परीक्षा कसली, तर संडासाचे दिवे.

थोरल्या जाऊबाईंचं, आक्कांचं, महिला मंडळ दर चैत्रात जोतिबाच्या जत्रेला डोंगरावर बायकांसाठी पत्र्याची न्हाणीघरं आणि संडास उभे करतं. गेल्या वर्षी कुठलं मोकळं, कुठलं भरलेलं हे रांगेतून कळेना. बायका दारं बडवत सुटल्या. कडी नीट बसली नव्हती म्हणून एका म्हातारीवर दार उघडलं, तिनं आतून तांब्या भिरकावला. म्हणून यंदा प्रत्येक दारावर दिवे. कडी लागली की लाल, निघाली की हिरवा.

"दिव्याचा कारखाना घरात आणि आमी दारं बडवतोय," असं आक्का म्हणाल्या. ते खरंच आहे.

भावजी : "शुभाकडं द्या हे. बघू काय करती."

इतकी वर्षं मी काय करते ते आता बघणार.

५ मार्च, बुधवार

आपला नेहमीचा लाल दिवा गच्चीवर नेऊन लावला. भर दुपार. ह्यांना पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं.

"लागला?"

"लागला."

"आता?"

"लागलाय की."

"आणि आता?"

"लागलाय म्हटलं न्हवं का! किती येळा विचारतीस?"

वायर माझ्या हातात होती. एकदाही जोडली नव्हती.

लाल भिंगावर ऊन पडलं की विझलेला दिवाही लागल्यासारखा दिसतो. शेडमध्ये हे कधी कळलं नाही, कारण शेडमध्ये ऊन येत नाही. ह्यांना वाटलं मी त्यांची गंमत केली. संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. चला, तेवढी शांतता.

रंगीत भिंग बाद. पांढरं, स्वच्छ भिंग लावायचं.

७ मार्च, शुक्रवार

पांढरं भिंग लावलं. आता विझलेला दिवा विझलेला दिसतो. लागलेलाही विझलेलाच दिसतो.

आपल्या दिव्यांत तेवढा जीवच नाही. पॅनेलवर हातभर अंतरावरून बघायचे दिवे ते. उन्हात त्यांचं काय चालणार? रोहन म्हणाला, "काकू, सगळ्यात ब्राइट मागवून टाकू, प्रश्नच मिटला." तरुण माणसांचे प्रश्न असे मागवून मिटतात.

मागव म्हटलं.

१० मार्च, सोमवार

आले. समोरून बघितलं तर डोळ्यात टाचणी. दोन पावलं बाजूला सरकलं की काही नाही, अंधार. उजेड सगळा एका रेषेत.

आक्का गच्चीवर आल्या होत्या पापड बघायला. कठड्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "तुजा दिवा माज्याकडं बघतच न्हाई गं. लई तोऱ्यात हाय."

रांग दारांसमोर नसते, तिरकी असते. म्हणजे पसरट उजेडाचे घ्यायला हवेत. पसरवला की पातळ होतो. पातळ झाला की उन्हात दिसत नाही. पांघरूण तोंडावर ओढलं की पाय उघडे.

रोहन म्हणतो, मग अजून ब्राइट.

१२ मार्च, बुधवार

अजून ब्राइट, पसरट, असे आले. दुपारी झकास. टाकीपासून, जिन्यापासून, समोरच्यांच्या गच्चीवरून, सगळीकडून दिसला. मी खूश.

दिवेलागणीला तोच दिवा पुन्हा लावला आणि समोरच्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय ओ वैनी, पोलिसांची गाडी घेतली काय?"

पहाटे अंधारात अंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर येणाऱ्या बाईच्या तोंडावर हा उजेड म्हणजे फोटोच काढल्यासारखं. आणि पायाखालची ओली पायरी दिसायची नाही ती वेगळीच.

रोहन : सेन्सर लावू. उजेड बघून दिवा आपोआप मंद होईल.

भावजी : "दिव्याला अक्कल घातली की बिघडतोय. न्हाई म्हंजे न्हाई."

बापलेकांची जुंपली. मी गुपचूप, सगळ्या दिव्यांच्या वायरी येतात त्या पेटीला एक साधं बटण लावलं, दिवस आणि रात्र. आक्कांच्या बायका फिरवतील. दोघांनाही आवडलं नाही, म्हणजे बरोबर असणार.

१६ मार्च, रविवार

सगळ्यांना गच्चीवर बसवलं. चटई, शेंगा, चहा. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी. दोन्ही सारखेच ठळक दिसायला हवेत, नाहीतर बाई ठळक दिव्याकडंच जाते.

हिरवा टोचतोय, असं हे म्हणाले. रोहनही तेच म्हणाला. आक्का म्हणाल्या, "हिरवा कमी कर बाई, मिरची लागल्यावानी होतंय." भावजींनी नुसती मान हलवली. या घराचं एकमत झालेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

डोळ्याला हिरवा जास्त लागतो हे खरंच आहे, पुस्तकातलं आहे. मोठा रेझिस्टर घालून हिरव्याचा करंट निम्म्यावर आणला. आता दोघं जावा-जावांसारखे बसलेत. कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही.

आज जरा बरं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. गल्लीतली पोरं गच्चीवर चढतात आणि बादल्या ओततात. म्हणून सकाळीच सगळे दिवे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून सुतळीनं घट्ट बांधले. एकालाही रंग लागू दिला नाही. हे म्हणाले, "पोरांना एवढं जपली न्हाईस कधी."

२५ मार्च, मंगळवार

पाण्याची परीक्षा : नळीनं झोडपले. पास.

धुळीची परीक्षा : डोंगरावर फुफाटा असतो म्हणून गिरणीतलं पीठ आणून भिंगांवर उधळलं. उजेड जरा मंदावला, पण दोन्ही रंग दिसतात. पास.

हापटण्याची परीक्षा : शिडीवरून आपोआप झाली. ह्यांच्या हातून. पास.

आता आणखी कशाची परीक्षा घ्यायची ते मला तरी सुचत नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. शेडमध्ये पूजा. डीलर मंडळी आली होती. भावजींनी रोहनला टेबलावर बसवून फोटो काढला. "हितनं फुडं डिझाइन ह्योच बघणार," असं एका डीलरला म्हणताना मी ऐकलं. मी आरतीचं ताट घेऊन चार हातांवर उभी.

मग "जत्रा झाली की बघू" हे कशाला? आधीच ठरलंय तर मला गच्चीवर उन्हात कशाला वाळवलं?

घरी येऊन ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "दादा बोलत्यात तसं करत न्हाईत."

"करतात तसं बोलत नाहीत," मी म्हटलं. "बोलण्याचं काय घेऊन बसलाय."

बासुंदी नासली, तेवढं निमित्त करून रडून घेतलं.

६ एप्रिल, रविवार

डोंगरावर जाऊन सगळी दारं जोडून आलो. मी, आक्का, रोहन, भावजी. भर उन्हात लावलं. आक्कांना रांगेच्या जागी उभं केलं, कधी पुढं, कधी मागं, कधी कडेला. सगळीकडून लाल तो लाल, हिरवा तो हिरवा. अंधार पडल्यावर बटण फिरवलं. मंद, नेमका, डोळ्याला न खुपणारा.

भावजी हात मागं बांधून दोन चकरा मारून आले.

"बरं हाय."

त्यांच्या तोंडून "बरं हाय" मी दोनदाच ऐकलंय. दुसऱ्यांदा आज.

पेटीवर कारखान्याच्या नावाचा ठळक स्टिकर लावला त्यांनी स्वतःच्या हातानं. रोहन गाडीत म्हणाला, "काकू, टेबल तुमचं." मनापासून म्हणाला. वाईट वाटलं आणि आवडलंही.

११ एप्रिल, शुक्रवार, डोंगर

काल आक्का आणि मी आलो. भावजी, हे आणि रोहन खाली कोल्हापुरातच, शेडवर.

सकाळी दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. बायका रांगेत, मान वर, हिरवा दिसला की चालू लागायच्या. दार कुणी बडवलं नाही. एक पावणी म्हणाली, "आमच्या गावच्या बँकेत बी असं न्हाई."

दुपारनंतर गावोगावच्या सासनकाठ्या, देवाच्या उंच मानाच्या काठ्या, नाचवत यायला लागल्या. चांगभलंचा गजर, खोबरं, गुलाल. मजा आली बघायला.

संध्याकाळी हिरवे जरा थकल्यासारखे वाटतायत. व्होल्टेज मोजलं. बरोबर आहे. वायरी तपासल्या. बरोबर आहेत. मग काय

१२ एप्रिल, शनिवार

आज लिहायला वेळ नाही. हात गुलाबी, वही गुलाबी. एवढंच की मी गाढव आहे.

१३ एप्रिल, रविवार

घरी आले. तीनदा अंघोळ केली तरी कानातून गुलाल निघतोय. आता नीट लिहिते.

काल सकाळी रांग हलेना. पार रस्त्यापर्यंत बायका. कडेवर पोरं, उन्हाचा तडाखा. मी पुढं जाऊन बघते तर सगळ्या दारांवर लाल, नाहीतर काहीच नाही. हिरवा एकही नाही. एक दार ढकललं, आत कुणी नाही. दुसरं ढकललं, तेही मोकळं. अर्ध्या खोल्या रिकाम्या आणि बायका बाहेर उन्हात ताटकळत, माझ्या दिव्यावर विश्वास ठेवून. गेल्या वर्षी दारं बडवत तरी होत्या. यंदा शहाण्यासारख्या उभ्या होत्या. एक गरोदर पोरगी खाली बसली. तिच्या सासूनं माझ्याकडं बघितलं, बोलली काही नाही. त्यापेक्षा तांब्या फेकला असता तर बरं झालं असतं.

स्टुलावर चढून भिंग पुसलं. हिरवा टक्क. खाली उतरेपर्यंत काठीबरोबरच्या मंडळींनी मूठभर उधळला आणि पुन्हा गेला. तेव्हा ट्यूब पेटली.

गुलाल. गुलाबी थर हिरवा उजेड गिळून टाकतो आणि लाल तसाच सोडतो. त्यात मी हिरवा आधीच निम्मा केलेला, घरच्यांच्या डोळ्याला टोचतो म्हणून.

ऊन बघितलं, पाणी बघितलं, पीठ उधळून बघितलं. जन्म कोल्हापुरात गेला, निवडणूक असो, कुस्ती असो, वरात असो, डोक्यात गुलाल घेऊन फिरलो, आणि जोतिबाच्या जत्रेचा दिवा करताना घरातल्या एकालाही गुलाल आठवला नाही! रंगपंचमीला तर मी पिशव्या बांधल्या. सुतळीनं. स्वतःवर इतका संताप मला कधी आला नव्हता.

आधी हिरव्याचा करंट पूर्ण वाढवला. थराआडून तपकिरी काहीतरी दिसलं, ऊन त्याच्यापेक्षा जास्त. मग मंडळाच्या बायकांना काठीला फडकी बांधून पुसायला लावलं. घामानं, पाण्यानं गुलालाचा चिखल झाला, आणखी चिकटला.

स्टुलावरच बसले जरा वेळ. वर बघितलं तर भरलेल्या खोल्यांचे लाल दिवे त्याच गुलालातून कसे लखलखीत. मग ज्याचा उजेड पोचतो त्यालाच बोलवायला लावायचं. लाल म्हणजे मोकळं. आतून कडी लागली की हिरवा लागेल, तो कुणाला दिसणारच नाही. म्हणजे दिसला की जा, नाही दिसला की थांब. आणि एखादा दिवा जळाला तरी बाई थांबेल, कुणाच्या अंगावर दार उघडणार नाही. हे आधीच्यापेक्षा बरंच होतं, खरं तर.

आक्कांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "लाल दिसल्यावर कोण आत जाईल गं? येडी का खुळी?"

तेवढ्यात भावजींचा फोन. एरवी डोंगरावर जत्रेत फोन लागत नाही, हा लागला. काय चाललंय ते सांगितलं, काय करणार तेही सांगितलं.

"खुळी झालीस काय? लाल म्हंजे थांबा. जगात थांबा. आपलं नाव हाय त्या पेटीवर. हात लावू नको. रोहनला पाठवतो."

"रोहन पोचेपर्यंत संध्याकाळ होईल, भावजी. रस्ता बंद आहे. बायका उन्हात—"

"मी सांगतोय न्हवं? हात लावायचा न्हाई."

फोन कट झाला. मी नाही केला. केला असं त्यांना वाटतंय.

स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातच होता. पेटी उघडली. प्रत्येक दाराच्या दोन वायरी, इकडची तिकडं. आयुष्यात भावजींचा शब्द मोडला नव्हता. लग्नातला ह्यांचा फेटाही त्यांनी ठरवलेल्या रंगाचा होता.

पेटी बंद केली तशी सगळी मोकळी दारं लाल. बायका होत्या तिथंच. कुणी हलेना. मग आक्का उठल्या. मंडळाचा कर्णा हातात घेतला आणि असा आवाज लावला की काठीवाले थांबले. "ऐका गं बायांनो! यंदा लाल दिसला की आत जायाचं! गुलालाचा दिवा हाय ह्यो, गुलालाचा! लाल लागला की मोकळं!"

मग ती गरोदर पोरीची सासू म्हणाली, "मग आधीच का न्हाई सांगितलं," आणि सुनेला उठवून घेऊन गेली. दार लागलं, दिवा गेला. मागची दुसऱ्या लाल दिव्याकडं. तिच्यामागची तिसऱ्या. जेवणवेळेपर्यंत रांग रस्त्यावरून आत आली. संध्याकाळी तर जुन्या बायकाच नव्या आलेल्यांना शिकवत होत्या, जसं काही पूर्वापार असंच चालत आलंय.

रात्रीही हीच पद्धत चालली. आक्का म्हणाल्या, "मी खुळी म्हटलो तुला. ऱ्हाऊ दे, मनात धरू नको."

आक्कांचं ठीक आहे. भावजींचं काय?

१५ एप्रिल, मंगळवार

व्हायचं तेच झालं. कुणीतरी फोटो काढला. लाल दिवा, दारावर आक्कांनी खडूनं लिहिलेलं "लाल म्हणजे मोकळं", आणि खाली आमचा स्टिकर. डीलरांच्या ग्रुपवर फिरतोय. एकानं खाली लिहिलंय, यांच्या स्टार्टरला हिरवा लागला की मोटर बंद का?

भावजींनी मोबाईल माझ्या बिलबुकावर ठेवला. मी म्हटलं, "हिरवा गुलालातून येत नाही, भावजी."

"ते मला कळतंय."

"मग काय करायला हवं होतं?"

"मी हात लावू नको म्हटलो हुतो."

बास. एवढंच. रांग, ऊन, ती पोरगी, काही नाही. शब्द मोडला हे एवढंच मोठं. मी दिवसभर बिलं केली. चुकीची केली. मुद्दाम नाही.

१६ एप्रिल, बुधवार

रोहननं आज टेबलावर गुलालाची पुडी उघडली. मी काही सांगितलं नव्हतं. भिंगावर बोटानं थर दिला, मीटर लावला, हिरवा, पिवळा, पांढरा, लाल, ओळीनं मोजत गेला. मग बापाला बोलावलं.

"पप्पा, काकूंचंच बरोबर होतं. हिरवा दुप्पट-तिप्पट करूनही भागलं नसतं. मी तिथं आलो असतो तरी हेच करावं लागलं असतं."

भावजी : "तू केलं नसतंस. मला इचारलं असतंस."

रोहननं गुलालाची पुडी बांधली. ते खरंच आहे, रोहननं विचारलं असतं. आणि विचारण्यात संध्याकाळ झाली असती.

१८ एप्रिल, शुक्रवार

भावजींनी निकाल दिला. पुन्हा जेवतानाच. आमच्या घरातले सगळे निकाल आमटीबरोबर वाढतात.

"शुभानं टेबलावर बसावं. रोहन तयार हुईस्तोवर. त्याला शिकवावं. ड्रॉइंगवर सही माझीच ऱ्हाईल, डीलरांना सवय हाय."

घरात सगळ्यांचे चेहरे सुटले. हे तर हसलेच. रोहन ताटाकडं बघत होता.

खोलीत आल्यावर ह्यांचं, "घेऊन टाक की. बसायला तर मिळतंय."

"बसायला मिळतंय? एसटीत जागा मिळाल्यासारखं?"

"तसं न्हवं गं..."

"तसंच आहे. पुढचा स्टॉप आला की रोहनला जागा द्यायची. आणि मी काढलेल्या ड्रॉइंगवर सही त्यांची."

"दादांचं वय झालंय. किती दिवस ते तरी?"

"माझंही होतंय."

कूस बदलून झोपले. म्हणजे हे झोपले.

मला टेबल हवंय. इतकं साधं आहे. दिवा करता येतो, चूक झाली तर सुधारता येते, आणि चूक माझी म्हणून पोटात घालता येते. ती गच्चीवरची मिरची मी निस्तरली, घराचं एकमत नाही आलं निस्तरायला. मग सही का नको?

१९ एप्रिल, शनिवार

कुरुंदवाडच्या महिला मंडळाचा फोन आला शेडवर. त्या जत्रेला होत्या. त्यांच्याकडं पालखीला असाच गुलाल असतो, त्यांनाही दिवे हवेत. "तसलेच पाहिजेत, लाल मोकळ्याचे. दुसरे नकोत."

फोन भावजींनी घेतला होता. "कळवतो" म्हणाले, ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "लाल म्हंजे मोकळं, असलं काय आपल्या नावानं जाणार न्हाई."

मी म्हटलं, "लोकांना तेच हवंय."

"लोकास्नी काय बी पायजे असतंय."

रोहननं मला खूण केली, गप्प बसा म्हणून. त्याच्या वयाला ते शोभतं.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी शेडमध्ये गेले ते सरळ टेबलावर. बिलिंगची खुर्ची तशीच राहिली. भावजी आले, थांबले, टोपी काढून खुंटीला लावली.

"मग ठरवलंस म्हणायचं."

"ठरवलं. रोहनला शिकवीन. जेवढं येतं तेवढं सगळं शिकवीन. पण मी काढलेल्या ड्रॉइंगवर सही मी करणार."

ते माल मोजायला गेले. मीही तेवढ्यावर थांबले. एकदा तोंड उघडलं असतं तर बिलिंगच्या खुर्चीवरची सोळा वर्षं बाहेर पडली असती.

दिवसभर कुरुंदवाडच्या दिव्याचं ड्रॉइंग काढलं. लाल ठळक, पसरट. मोकळ्याला लाल, भरलेल्याला काहीच नाही, हिरवा काढूनच टाकला. भिंगावर उतरती टोपी, म्हणजे गुलाल बसला तरी घसरेल. टोपीची कल्पना रोहनची, कोपऱ्यात त्याचं नाव लिहिलं. तो म्हणाला, "काकू, कशाला?" म्हटलं, तुझी आहे म्हणून.

खाली सहीच्या चौकटीत माझं नाव घातलं. पूर्ण, वळणदार, वडिलांनी शिकवलं तसं.

भावजींपुढं नेऊन ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. टोपीवर बोट ठेवलं, रेझिस्टरचा आकडा पुटपुटत पडताळला, मान थोडी हलली. मग खाली चौकटीपाशी आले आणि बराच वेळ तिथंच थांबले. कागद उचलला, ऑफिसात गेले, दार लावून घेतलं.

कामगार गेले. हे गाडी घेऊन बाहेर उभे आहेत, दोनदा हॉर्न दिला. रोहनही निघाला नाहीये, उगीचच वायरींच्या गुंडाळ्या करत बसलाय. आतून कागद फाडल्याचा आवाज आला नाही, मंजुरीचा शिक्का मारल्याचाही नाही.

शेड बंद करायची वेळ होऊन गेली. मी टेबलावरून उठलेले नाही.